रोपवाटिकेत जाण्याआधी

नवं घर बांधून झालं, रंग लागला, वास्तुशांत झाली, की पुढच्या रविवारी घरचे सगळे रोपवाटिकेत जातात. दोन फॉक्सटेल पाम, चार क्रोटन, सहा गुलाब, आंब्याचं एक कलम, कुणी सांगितलं म्हणून एक ख्रिसमस ट्री. टेम्पो भरून रोपं येतात, कुंपणाच्या कडेने ओळीत लागतात आणि मधल्या जागेत लॉन अंथरलं जातं. पहिलं वर्ष छान जातं. चार-पाच वर्षांनी मात्र लॉन दर मे महिन्यात जळत असतं, आंब्याच्या फांद्या खिडकीच्या काचेवर घासत असतात, वाळत घालायची दोरी जागा नाही म्हणून दर्शनी भागात आलेली असते आणि पावसाळ्यात पाणी जोत्याशी साचत असतं. यात रोपांचा काही दोष नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

घराभोवतीची जागा आखताना पहिला विचार पाण्याचा करावा, दुसरा उन्हाचा, तिसरा माणसांच्या वावराचा. या तीन गोष्टी कागदावर आल्या की झाडांच्या जागा आणि बऱ्याच वेळा झाडांची नावंही आपोआप ठरतात. इथली उदाहरणं मुख्यतः पुणे, नाशिक, साताऱ्याकडच्या, म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या, दोन ते पाच गुंठ्यांच्या घरांची आहेत. कोकणात आणि विदर्भात जिथे वेगळं करायला हवं तिथे तसं सांगितलं आहे.

जागा कागदावर उतरवा

आलेखाचा कागद घ्या आणि एक चौकोन म्हणजे एक फूट असं प्रमाण धरा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. त्यामुळे दोन-तीन गुंठ्यांची जागा एका मोठ्या कागदावर सहज मावते. प्रथम प्लॉटची हद्द, मग घर, दारं आणि खिडक्या. त्यानंतर सहसा विसरल्या जाणाऱ्या गोष्टी काढा: ड्रेनेजचे चेंबर, सेप्टिक टँक, जमिनीखालची पाण्याची टाकी, पंप, बाहेरचे नळ, एसीचे बाहेरचे युनिट, डोक्यावरून जाणारी विजेची तार, शेजारच्या घराची उंची आणि त्यांच्या झाडांच्या आपल्याकडे आलेल्या फांद्या. उत्तर दिशेचा बाण काढायला विसरू नका.

खिडकीतून काय दिसतं तेही कागदावर टिपा. बाग आपण बाहेर उभं राहून जितकी पाहतो त्याहून कितीतरी जास्त वेळ घरातून पाहतो: ओट्याशी उभं असताना, जेवताना, आजारपणात पडल्या पडल्या. रोज ज्या खिडकीपाशी सगळ्यांत जास्त वेळ जातो तिच्यासमोरची जागा सर्वांत चांगल्या झाडासाठी राखून ठेवा. जे दिसायला नको, म्हणजे शेजारची उघडी भिंत, ट्रान्सफॉर्मर किंवा पाण्याच्या टाक्या, त्यांच्यावर फुली मारा. आडोसा तिथेच लागणार आहे.

पाणी: छपरापासून हद्दीपर्यंत

पहिला नियम घराच्या जोत्याचा. बागेची माती जोत्याच्या वरच्या पातळीपेक्षा किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. भिंतीला लागून मातीचा वाफा चढवला की ओल भिंतीत शिरते आणि आतला रंग पोपडे धरतो. दुसरा नियम उताराचा. मातीला घरापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना साधारण सहा इंच उतार हवा. फरशीला दहा फुटांना दोन इंच पुरतो. गवंड्याला ‘थोडा ढाळ दे’ एवढंच सांगू नका. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून पातळी स्वतः मोजून घ्या. फरशी बसल्यानंतर ढाळ बदलायचा तर ती उखडावीच लागते.

आता छपराचं पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे ६५,००० लिटर होतात. गळती आणि बाष्पीभवन वजा केलं तरी ५०,००० लिटर हाती राहतात. कोकणात पाऊस याच्या कितीतरी पट, त्यामुळे तिथे पाणी अडवण्याआधी ते सुरक्षित वाहून नेण्याचा विचार करावा लागतो. गच्चीचे पाइप कुठे उतरतात हे कागदावर दाखवा आणि तिथून पाणी कुठे जाणार ती रेघ काढा. ते टाकीत जाईल, शोषखड्ड्यात जाईल, किंवा उथळ चरातून झाडांच्या आळ्यांकडे जाईल. नुसतं रस्त्यावर सोडलेलं पाणी म्हणजे मार्चमध्ये विकत घेतलेला टँकर.

शोषखड्डा पायापासून दहा फुटांहून दूर आणि सेप्टिक टँकपासून तर आणखी लांब घ्या. काळ्या मातीत उथळ खड्डा घेतला तर पाणी जिरतच नाही, खड्ड्याचं डबकं होतं; खाली मुरूम लागेपर्यंत खणणं भाग आहे. कौलारू घर असेल तर पागोळ्या पडतात त्या रेषेत दीड-दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा टाका. पागोळ्यांनी माती खणली जात नाही आणि भिंतीवर चिखल उडत नाही. टाकी किंवा पिंप ठेवणार असाल तर झाकण घट्ट हवं. उघड्या साठ्यात आठवड्याभरात डास होतात. कमळाचं कुंड हौसेने करायचं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

मोरीचं आणि न्हाणीचं पाणी ही बाराही महिने मिळणारी गोष्ट आहे. आपल्याकडे ते पूर्वीपासून केळी, कर्दळ आणि अळूला जातं, आणि ती व्यवस्था आजही उत्तम आहे. मात्र कोथिंबीर, पालक, मुळा अशा कच्च्या खायच्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांना हे पाणी देऊ नका.

ऊन: डिसेंबरात आणि मेमध्ये वेगवेगळं

घराभोवतीचं ऊन बाराही महिने सारखं नसतं आणि बहुतेक आखण्या इथेच फसतात. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भरदुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि वीस फूट उंच घराची सावली उत्तरेकडे सुमारे अठरा फूट पडते. नागपूरला ती जवळजवळ घराच्या उंचीएवढीच असते. म्हणजे तुमच्या उत्तरेच्या बाजूला दहा फुटांची पट्टी असेल, तर हिवाळ्यात तिला दुपारचं ऊन मिळतच नाही. हिवाळी भाज्या, शेवंती, गुलाब तिथे लावून उपयोग नाही.

मेच्या मध्यावर चित्र पालटतं. पुण्या-मुंबईकडे तेव्हा दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, काही क्षण खांबाची सावली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. या काळात घर तापवते ती पश्चिमेची भिंत. मेमध्ये दुपारी चारचं ऊन नैर्ऋत्येकडून येतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते पश्चिमेकडून आणि जरा उत्तरेकडून येतं. सावलीचं झाड त्यामुळे नैर्ऋत्य कोपऱ्यात लावण्याऐवजी पश्चिम भिंतीच्या मध्यापासून वायव्येपर्यंतच्या भागात लावा.

परदेशी पुस्तकांमध्ये एक सल्ला हमखास असतो: घराजवळ पानगळीचं झाड लावा, ते उन्हाळ्यात सावली देईल आणि हिवाळ्यात ऊन आत येऊ देईल. थंड देशांत पानगळ हिवाळ्यापूर्वी होते, म्हणून तिथे तो बरोबर आहे. आपल्याकडे काटेसावर, पांगारा, पळस, बहावा ही झाडं ऐन उन्हाच्या तोंडावर निष्पर्ण होतात. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्याधमक घोसांनी लखलखतो, पण त्याच्याखाली बसायला सावली नसते. सावलीसाठी पश्चिमेला लावायचं झाड मे महिन्यात पानांनी भरलेलं हवं. जागा मोठी असेल तर कडुनिंब, ज्याला गुढीपाडव्यापर्यंत कोवळा पाला आलेला असतो. तसंच करंज, आंबा किंवा बकुळ. जागा दहा फुटांची असेल तर पेरू, कामिनी, किंवा लोखंडी जाळीवर चढवलेला मधुमालतीचा वेल. वेल भिंतीवर थेट चढवू नका. भिंत आणि जाळी यांच्यात फूटभर पोकळी ठेवली तर हवा खेळती राहते.

याच हिशेबातून एक सुखाची गोष्टही सापडते. दुपारनंतर घराची सावली पूर्वेकडे पडते, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी बसायची सर्वांत थंड जागा घराच्या पूर्वेला असते. झोपाळा, बाकडं, चहाचं टेबल तिकडे ठेवा. हिवाळ्यात सकाळी कोवळं ऊन खायलाही तीच जागा. घराचं तोंड पश्चिमेला असलं तरी हा विचार करा. बसण्याची जागा पुढच्या दारीच असली पाहिजे असा काही नियम नाही.

कोकणात अंगणावर दिवाळीनंतर मांडव घालतात आणि मिरगाआधी तो उतरवतात. बांबू आणि नारळाच्या झावळ्यांची ही सावली उन्हाळ्यापुरतीच असते. पावसाळ्यात अंगण पुन्हा मोकळं होतं. झाड मोठं होईपर्यंतची सात-आठ वर्षं काढायला देशावरही ही पद्धत चालते. विदर्भात ४५ अंशांच्या उन्हात लहान रोपंही पहिले दोन उन्हाळे अशा आडोशाशिवाय क्वचितच तगतात.

माती: आधी राडारोडा बाहेर

नव्या घराभोवतीची माती ही बहुधा माती नसतेच. वरच्या चार इंचांखाली विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचा गाळ आणि रंगाचे डबे असतात. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही, आणि मग जास्वंद, मोगरा, इक्झोरा यांची कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी माळी फवारणी सुचवतो. पण दोष खाली आहे. झाडं लावायच्या जागी दीड-दोन फूट खणून राडारोडा बाहेर काढा आणि चांगली माती भरा. घर अजून बांधायचं असेल तर काम सुरू होण्याआधी वरची फूटभर माती काढून एका कोपऱ्यात ढीग लावून ठेवा. नंतर ट्रकने आणलेल्या ‘लाल माती’पेक्षा ती कधीही सरस.

निचरा तपासायची सोपी रीत आहे. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर त्या जागी लिंबू, डाळिंब, गुलाब जगणार नाहीत. तिथे वाफे फूटभर उंच करा, किंवा अळू, कर्दळ, केळ यांना ती जागा द्या. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट फरशी बसवू नका; खाली मुरूम आणि खडीचा थर द्या.

पालापाचोळा जाळू नका आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने काडीकचरा आणि पालापाचोळ्यापासून घरच्या घरी कसदार माती तयार करण्याचं तंत्र महाराष्ट्रभर पोहोचवलं. बागेच्या एका कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचा विटांचा हौद, विटांमध्ये हवेसाठी फटी, एवढं त्यासाठी पुरतं. झाडांच्या आळ्यात पाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर ठेवला तर उन्हाळ्यातलं पाणी बरंच वाचतं. तो बुंध्याला मात्र चिकटवू नका, खोड कुजतं.

वाटा, अंगण आणि मागची बाजू

फाटकापासून दारापर्यंतची वाट चार फूट रुंद हवी, म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात आणि चाकाची खुर्चीही जाते. बाजूच्या वाटांना अडीच फूट चालतात. पायफरश्या ठेवायच्या तर एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण दोन फूट अंतर ठेवा. घरातल्या आजीला चालून पाहायला सांगा आणि मगच पक्क्या करा. गाडीला दहा बाय अठरा फूट जागा लागते, दार उघडून उतरायला तेवढी हवीच.

लोक जिथून चालतात तिथेच वाट असावी. फुलांच्या वाफ्याला वळसा घालायला लावणारी वाट आखली तर महिन्याभरात वाफ्यातून पाऊलवाट पडते. वळण द्यायचं असेल तर त्याला कारण द्या: एखादं झाड, मोठा दगड, झुडपांचा गट. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या प्रेरणेने केलेलं आहे. तिथे वाटांवरून हळूहळू फिरून पाहा. पुढचं दृश्य एकदम न दाखवता टप्प्याटप्प्याने कसं उलगडतं ते लक्षात येईल. दोन गुंठ्यांतही हे साधतं. फाटकातून सगळी बाग एका नजरेत दिसू नये, एवढं एक झुडूप योग्य जागी असलं तरी जागा मोठी वाटते.

फरशी निवडताना अनवाणी पायांचा विचार करा. काळा कडप्पा उन्हात इतका तापतो की एप्रिलमध्ये त्याच्यावर पाय ठेवता येत नाही. शहाबादी फरशी कमी तापते, स्वस्त पडते. पण बाहेरसाठी ती खरखरीतच घ्या, पॉलिश केलेली पावसात घसरते. कोकणात जांभ्याचा चिरा घरचाच, मात्र पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, म्हणून वाटेवर तो ब्रशने घासण्याची तयारी ठेवा. सगळं अंगण सिमेंटने बंद करू नका. फरश्यांच्या सांध्यात माती किंवा बारीक खडी ठेवली तर पाणी जिरतं आणि उष्णताही कमी परावर्तित होते.

मागच्या बाजूची आखणी पुढच्या बाजूइतक्याच काळजीने करा. कपडे वाळवायला ऊन आणि वारा, भांडी घासायला मोरी, सायकली, शिडी, माळ्याची अवजारं, मसाले आणि पापड वाळवायची जागा: या सगळ्याची यादी करून प्रत्येकीला कागदावर ठिकाण द्या. ज्या घरात ही यादी होत नाही तिथे ही कामं पाच वर्षांत बाग गिळतात. स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांच्या आत कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, मिरची हवी. पावसात चप्पल घालून तिसऱ्या कोपऱ्यात कुणी कढीपत्ता तोडायला जात नाही.

झाडं निवडताना

झाड आज केवढं आहे हे पाहू नका, पंधरा वर्षांनी केवढं होईल ते कागदावर वर्तुळाने काढा. ढोबळ अंतरं अशी: लिंबू, पेरू, प्राजक्त, कामिनी यांसारखी लहान झाडं भिंतीपासून सहा ते आठ फूट, बकुळ, तामण, सोनचाफा, बहावा अशी मध्यम झाडं बारा ते पंधरा फूट, आंबा, जांभूळ, कडुनिंब, करंज पंचवीस ते तीस फूट. वड, पिंपळ, उंबर आणि रबराचं झाड लहान प्लॉटमध्ये नकोच; त्यांची मुळं पाया, टाकी आणि ड्रेनेज शोधत जातात. नारळ वाटेवर किंवा गाडीच्या जागेवर झुकेल असा लावू नका. शेवगा आणि गुलमोहर यांचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. छपराजवळ आणि तारेखाली ते टाळा.

इथे कायदाही लक्षात घ्यावा लागतो. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार नागरी भागात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आज चुकीच्या जागी लावलेलं रोप दहा वर्षांनी सहज काढता येईल असं समजू नका.

रोपवाटिकांमध्ये भराभर वाढणारा हिरवा आडोसा म्हणून कोनोकार्पस दिला जातो. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तो घेऊ नका. आडोशासाठी कामिनी, अडुळसा, जास्वंद, मेंदी यांचं कुंपण अधिक शोभतं आणि छाटणीही सोसतं. घरात लहान मुलं असतील तर कण्हेर आणि बिट्टी लावू नका, दोन्ही विषारी आहेत.

दिसण्याचा मुख्य नियम एकच: जाती कमी, संख्या जास्त. पन्नास प्रकारचं एकेक रोप लावलं तर बाग रोपवाटिकेसारखीच दिसते. पाच-सहा जाती ठरवा आणि त्या पाच-सातच्या गटांनी लावा. मागे उंच, मधे झुडपं, पुढे जमिनीलगतची रोपं, अशी चढण ठेवा. नजर एका ठिकाणी थांबायला हवी असेल तर तिथे वेगळं काहीतरी एकच ठेवा: तुळशीवृंदावन, दगडी रांजण, किंवा वाकडंतिकडं वाढलेलं पांढऱ्या चाफ्याचं झाड.

वासाचं वेळापत्रकही आखता येतं. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात अनंत आणि सोनचाफा, पावसाळा सरताना प्राजक्त, रात्री रातराणी. रातराणी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली लावू नका, तिचा वास काहींना सोसत नाही. प्राजक्त वाटेच्या कडेला नको, गवतावर किंवा मातीवर फुलं पडतील असा लावा, म्हणजे सकाळी ती तुडवली जात नाहीत.

लिंबू आणि कढीपत्ता फक्त स्वयंपाकघरासाठी नाहीत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. अळ्यांनी थोडी पानं खाल्ली तर लगेच औषध मारू नका. फुलपाखरं हवी असतील तर काही पानांवर पाणी सोडावं लागतं. पूर्ण वाढलेलं झाड कसं दिसतं हे रोपवाटिकेत कळत नाही. त्यासाठी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा मुंबईच्या राणीच्या बागेत तास-दोन तास फिरा.

लॉन हवंच का?

हजार चौरस फूट लॉनला पुण्याच्या मे महिन्यात दिवसाला सुमारे ५०० लिटर पाणी लागतं. शिवाय कापणी, खत, तण आणि वाळवी. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर ते विरळ होत जातं आणि मोकळ्या जागी नागरमोथा शिरतो. मुलं खेळणार असतील, घरची कार्यं अंगणात होणार असतील तर लॉन जरूर करा, पण तीनशे-चारशे चौरस फुटांचं. फक्त डोळ्यांसाठी हिरवळ हवी असेल तर त्या जागी झुडपांचे गट आणि खडी, किंवा साधी हरळी पुरे. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. शिवाय गणपतीत दुर्वा घरच्या मिळतात.

एक नमुना आखणी

समजा प्लॉट पूर्व-पश्चिम ६० फूट आणि दक्षिणोत्तर ५० फूट आहे. घर ३६ बाय २८ फुटांचं, तोंड पूर्वेला. पुढे १४ फूट, मागे १० फूट, उत्तरेला १० आणि दक्षिणेला १२ फूट जागा सुटते.

ईशान्य कोपऱ्यात फाटक आणि गाडीची दहा बाय अठरा फुटांची जागा. पुढच्या मोकळ्या भागात शहाबादीचं अंगण, तुळशीवृंदावन, झोपाळा आणि छोटा हिरवा तुकडा. संध्याकाळी बसायची जागा हीच. आग्नेय कोपऱ्यात, घराच्या कोपऱ्यापासून चौदा फुटांवर एक तामण. हे आपलं राज्यपुष्प एप्रिलपासून जांभळं फुलतं आणि हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण असल्याने दक्षिणेच्या वाफ्यांवरचं ऊन अडवत नाही.

दक्षिणेच्या पट्टीत भाज्यांचे वाफे, चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. ते कुंपणाला न लावता घराच्या बाजूला सरकवा, मधे ओल टाळायला दोन फुटांची वाट सोडून. दक्षिणेच्या शेजाऱ्याचं घर वीस फूट उंच असेल तर डिसेंबरात त्याची सावली अठरा फूट येते. त्याच्याकडची मोकळी जागा धरूनही कुंपणालगतचा भाग सावलीत राहतो आणि घरालगतचा उन्हात. नैर्ऋत्येला स्वयंपाकघराचं मागचं दार, मोरी, तिच्या पाण्यावर केळ आणि अळू, जवळच कढीपत्ता.

पश्चिमेला कपड्यांच्या दोऱ्या, भिंतीपासून सहा फुटांवर पेरू आणि कामिनी, वायव्येकडच्या खोलीच्या खिडकीसमोर जाळीवर मधुमालती. उत्तरेच्या सावलीच्या पट्टीत पंप, अवजारांचं कपाट, खताचा हौद आणि छपराच्या पाण्याची बंद टाकी. उरलेल्या जागेत नेचे, फिलोडेंड्रॉन आणि पावसाळ्यात तेरडा. दर्शनी भागातून यातलं काहीच दिसत नाही.

कामाचं वेळापत्रक

मार्च-एप्रिलमध्ये नकाशा करा आणि सावल्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखा. डिसेंबरच्या सावल्या तेव्हा दिसत नाहीत, त्या वर सांगितलेल्या हिशेबाने कागदावर मांडा. मेमध्ये राडारोडा काढा, उतार करा, वाटा बसवा आणि झाडांचे खड्डे खणून तापू द्या. लहान झाडाला दोन फूट लांब, रुंद आणि खोल, मोठ्याला तीन फूट. वाटांखालून चार इंची पीव्हीसीचे रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, पुढे ठिबकची नळी किंवा दिव्याची वायर न्यायला फरशी फोडावी लागणार नाही. जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठे थांबतं ते पाहून उतार दुरुस्त करा. मग माती, चांगलं कुजलेलं शेणखत, पाचोळा आणि थोडी निंबोळी पेंड भरून जुलैच्या सुरुवातीला मोठी झाडं लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील याची खात्री करा. झुडपं ऑगस्टपर्यंत लावता येतात. हंगामी फुलं आणि भाज्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

सगळा खर्च एका वर्षात करण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी उतार, पाणी, माती, मुख्य वाट आणि मोठी झाडं. दुसऱ्या वर्षी झुडपं, वेल आणि वाफे. तिसऱ्या वर्षी बाकडी, दिवे, हिरवळ. दिवे कमी ठेवा आणि खालच्या उंचीवर, वाटेपुरते. झाडांवर रात्रभर झोत सोडले तर पक्षी आणि कीटक दोघांचीही झोपमोड होते. पैसे कमी पडले तर शेवटचा टप्पा पुढे ढकला. पहिल्या टप्प्यातलं उताराचं किंवा मातीचं काम वाचवू नका, कारण ते नंतर करायचं तर केलेली बाग मोडावी लागते.

तेव्हा यंदा रोपवाटिकेत जाण्याआधी आलेखाचा एक कागद, मोजपट्टी आणि चुन्याची एक पिशवी विकत आणा. एक उन्हाळा जागा नीट पाहा, एक पाऊस तिच्यावर पडू द्या. त्यानंतर जी यादी तयार होईल ती पहिल्या रविवारी केलेल्या यादीपेक्षा बहुधा निम्मीच असेल, आणि त्यातलं बहुतेक सगळं जगेल.